मांजरासाठी पिंजरा : माप, जाळी आणि मे महिन्याचे ऊन

जालना : मांजर आपली पिले सात घरे फिरवते, असे मराठवाड्यात पूर्वापार सांगितले जाते. या समजुतीमागे मांजराच्या स्वभावाचे बारीक निरीक्षण आहे. जागा सुरक्षित वाटेपर्यंत मांजर स्थिरावत नाही आणि एकदा ती पसंत पडली, की तेथून हलवलेले त्याला खपत नाही. जालन्याच्या मोंढ्यात धान्याच्या राशींभोवती उंदरांच्या मागावर हिंडणाऱ्या मांजरांना किंवा जुन्या जालन्यातील वाड्यांच्या माळवदांवरून फिरणाऱ्या बोक्यांना कोणी पिंजऱ्यात ठेवण्याचा विचारही केला नाही. तशी गरजच नव्हती.

आता कुंडलिकेच्या दोन्ही तीरांवर सदनिका उभ्या राहिल्या आहेत आणि मांजरही माळवदावरून तिसऱ्या मजल्याच्या गॅलरीत आले आहे. पर्शियन जातीची केसाळ मांजरे हौसेने घरी आणली जातात. त्यांना रस्ता ठाऊक नसतो आणि ऊनही सोसत नाही. साध्या गावठी मांजराचीही नसबंदी करून घेण्याकडे कल वाढला आहे. अशा घरांत पिंजऱ्याचा प्रश्न आज ना उद्या येतोच. मात्र पिंजरा म्हटला, की डोळ्यांपुढे एकतर उंदराचा सापळा येतो, नाहीतर पोपटाचा. त्यामुळे काही जण क्रूरपणा समजून तो घरात आणतच नाहीत आणि शस्त्रक्रिया झालेली मांजर तिसऱ्या दिवशी कपाटावरून उडी मारून टाके उसवून घेते. काही जण याउलट दुकानात दिसेल तो लहानसा पिंजरा आणतात आणि मांजराला त्यात कायमचे ठेवतात. नुकसान दोन्हीकडे मांजराचेच होते.

पिंजरा नेमका कशासाठी हवा, याचे उत्तर आधी ठरवले, तर पुढचे बहुतेक प्रश्न सुटतात, कारण प्रत्येक कारणासाठी लागणारा पिंजरा वेगळा असतो.

गरज कोणती?

सर्वांत नेहमीची गरज शस्त्रक्रियेनंतरची. मांजरीची नसबंदी झाल्यावर साधारण दहा ते चौदा दिवस तिने उड्या मारू नयेत, टाके चाटू नयेत, अशी अपेक्षा असते. मोकळ्या घरात ती पूर्ण होणे अवघड. दुसरी गरज हाड मोडल्यावरची. गॅलरीच्या कठड्यावर बसणारे मांजर कबुतरावर झेप घेताना खाली कोसळते, ही सदनिकांच्या शहरांतील जुनी व्यथा आहे. न्यूयॉर्कमधील एका पशुरुग्णालयात १९८४ साली पाच महिन्यांत उंचावरून पडलेली १३२ मांजरे आली होती. त्यांची नोंद १९८७ मध्ये प्रसिद्ध झाली. त्यांतील सुमारे ९० टक्के वाचली. पण छातीला मार, फुटलेला जबडा, मोडलेले पाय अशा दुखापती सर्रास होत्या. मांजराला नऊ जन्म असतात असे पाश्चात्त्य म्हणतात. ते खरे मानले, तरी प्रत्येक जन्मानंतरचे सहा-आठ आठवडे पिंजऱ्यात काढावे लागतात, हे कोणी सांगत नाही. गॅलरीला आधीच जाळी लावून घेणे अधिक सोपे आणि स्वस्त.

तिसरी गरज घरात दुसरे मांजर आणल्यावर पडते. नव्या पाहुण्याला पहिले दोन आठवडे वेगळ्या खोलीत ठेवणे सर्वांत चांगले. पण दोन खोल्यांच्या घरात ते जमत नाही. तेथे पिंजरा उपयोगी पडतो. जुन्या मांजराला नव्याचा वास मिळतो, ते दुरून दिसते, पण झटापट होत नाही. शिवाय नवे मांजर आजार घेऊन आले असेल, तर तोही या काळात उघड होतो. मात्र एकाच खोलीतील पिंजऱ्याने संसर्ग पूर्ण टळत नाही. म्हणून भांडी, ट्रे, अंथरूण वेगळे ठेवावे आणि प्रत्येक वेळी हात धुवावेत. चौथी गरज प्रसंगाची. घरात रंगकाम निघाले, लग्नकार्य आले, दिवाळीत फटाक्यांचे आवाज सुरू झाले, की दरवाजे सताड उघडे राहतात आणि घाबरलेले मांजर जिन्यावरून नाहीसे होते. अशा वेळी ओळखीच्या पिंजऱ्यातील दोन-चार तास मांजराचा जीव वाचवतात.

या चार कारणांत 'मांजर सोफा खरडते' किंवा 'गादीवर लघवी करते' ही कारणे नाहीत, हे मुद्दाम सांगायला हवे. नख्या घासणे ही मांजराची शारीरिक गरज आहे. तिला सुतळी गुंडाळलेला खांब हेच उत्तर. ट्रे सोडून भलतीकडे लघवी करणे हे बऱ्याचदा मूत्रमार्गाच्या आजाराचे लक्षण असते. शिक्षा म्हणून कोंडलेले मांजर कसलाही धडा शिकत नाही. पिंजऱ्याची धास्ती मात्र ते कायमची शिकते आणि पुढे खरी गरज पडेल तेव्हा आत जायलाच तयार होत नाही.

कायदा आणि चौरस फूट

प्राणी क्रूरता प्रतिबंधक अधिनियम, १९६० मधील अकराव्या कलमात क्रूरतेचे जे प्रकार दिले आहेत, त्यांत अपुऱ्या पिंजऱ्याचाही समावेश आहे. प्राण्याला वाजवी हालचाल करता येणार नाही इतक्या कमी उंचीच्या, लांबीच्या किंवा रुंदीच्या पिंजऱ्यात त्याला ठेवणे हा त्या कलमानुसार गुन्हा ठरतो. या कायद्यात पहिल्या गुन्ह्यासाठी ठरलेला दंड १० ते ५० रुपये आहे. एवढ्या रकमेची धास्ती कोणाला वाटणार नाही. पण घरातला पिंजराही कायद्याच्या कक्षेत येतो, एवढे तरी त्यातून कळते. कायद्याने फूट-इंच सांगितलेले नाहीत. ती मापे पशुवैद्यकांनी अनुभवातून आणि अभ्यासातून ठरवली आहेत.

अमेरिकेतील प्राणिनिवाऱ्यांच्या पशुवैद्यकांच्या संघटनेने २०१० मध्ये मार्गदर्शक तत्त्वे प्रसिद्ध केली. एका प्रौढ मांजरासाठी किमान ११ चौरस फूट, म्हणजे साधारण एक चौरस मीटर जागा असावी, असे त्यात सुचवले होते. खाण्याची जागा, झोपण्याची जागा आणि शौचाचा ट्रे यांत एकमेकांपासून किमान दोन फूट अंतर हवे, असेही त्यात म्हटले होते. हे केवळ सोयीपुरते नाही. कॅलिफोर्निया विद्यापीठाच्या डेव्हिस येथील संशोधकांनी उत्तर अमेरिकेतील नऊ निवारा केंद्रांची पाहणी करून २०१८ मध्ये निष्कर्ष मांडले. आठ चौरस फुटांपेक्षा लहान पिंजऱ्यांतील मांजरांना सर्दीसारखे श्वसनमार्गाचे आजार अधिक होत असल्याचे त्यांना आढळले. दाटीवाटीने मांजर तणावात जाते, तणावाने प्रतिकारशक्ती ढासळते आणि अंगात दबून राहिलेला विषाणू डोके वर काढतो. थोडक्यात, पिंजऱ्याचे माप हा आरोग्याचाच प्रश्न आहे.

आता दुकानात मिळणाऱ्या पिंजऱ्याकडे पाहू. बारीक तारेचा, घडी होणारा, खाली प्लॅस्टिकचा ट्रे असलेला हा पिंजरा मुळात लहान कुत्र्यासाठी बनवलेला असतो. दोन फूट लांब आणि दीड फूट रुंद पिंजऱ्याचे क्षेत्रफळ अवघे तीन चौरस फूट भरते. त्यात शौचाचा ट्रे ठेवला, की उरते ती मांजराने ट्रेमध्येच झोपावे एवढी जागा. आणि ते खरोखर तसेच झोपते. मांजरासारख्या स्वच्छताप्रिय प्राण्याची याहून मोठी कुचंबणा नाही. असा पिंजरा दवाखान्यात नेण्या-आणण्यापुरता चालेल, मुक्कामासाठी नव्हे.

मुक्कामाच्या पिंजऱ्याचे सोपे माप लक्षात ठेवायचे, तर लांबी चार फूट, रुंदी तीन फूट आणि उंची चार फूट. तळाला १२ चौरस फूट जागा मिळते. निम्म्या उंचीवर एका बाजूला फूटभर रुंदीची फळी बसवली, की मांजराला वर बसून घरावर नजर ठेवता येते. मांजराला उंची प्रिय असते. जमिनीवरून जग पाहणे त्याला धोक्याचे वाटते. मात्र हाड मोडलेल्या मांजराच्या बाबतीत हाच हिशेब उलटा होतो. तेथे फळी काढून टाकायची, उंची कमी करायची आणि काठ अगदी बुटका असलेला ट्रे ठेवायचा. अशा वेळी जागा किती हवी, हे शस्त्रक्रिया करणाऱ्या डॉक्टरांनाच विचारावे. म्हणूनच फळी पक्की न जोडता अडकवण्याची असावी.

सळयांच्या गावात पिंजऱ्याची चिंता कशाला?

जालन्याची ओळख पोलाद उद्योगासाठी आहे. येथील औद्योगिक वसाहतीतील कारखान्यांतून बांधकामाच्या सळया दूरदूर जातात. ज्या गावात लोखंडाची एवढी उलाढाल चालते, तेथे मांजरासाठी परगावाहून नाजूक तारेचा डबा मागवावा, हे थोडे गमतीचेच आहे. खिडक्यांचे गज आणि दरवाजे बनवणारा कोणताही वेल्डिंगवाला कारागीर हवा त्या मापाचा पिंजरा करून देऊ शकतो. फक्त त्याला नेमके काय सांगायचे, ते ठाऊक हवे.

चौकटीसाठी पाऊण इंची चौकोनी पाइप पुरतो. बाजूंना वेल्ड केलेली जाळी घ्यावी; कोंबड्यांच्या खुराड्याला लावतात ती षटकोनी पातळ जाळी घेऊ नये. ती दातांनी वाकते आणि तिची उघडी टोके तोंडाला लागतात. जाळीचा घर एक इंचाहून मोठा नसावा. पिले ठेवायची असतील, तर अर्धा इंचच हवा, कारण पिलाचे डोके जेथून जाते तेथून ते पूर्ण जाते, आणि डोके जाऊन खांदे अडकले तर प्रसंग जिवावर बेततो. तळ जाळीचा कधीही नसावा. मांजराच्या तळव्यांना तारा रुततात आणि नख्या अडकतात. तळाला पत्रा किंवा प्लायवूड टाकून वर धुता येणारी चटई अंथरावी.

पूर्ण वेल्ड केलेला चार फुटी पिंजरा एका खोलीतून दुसरीकडे नेता येत नाही. अडीच फुटांच्या दारात तो अडकतो आणि मग दार मोठे करावे की पिंजरा कापावा, असा पेच पडतो. म्हणून प्रत्येक बाजूची वेगळी चौकट करून त्या नट-बोल्टने जोडाव्यात. गरज संपल्यावर पिंजरा उलगडून माळ्यावर ठेवता येतो.

दाराकडे सर्वाधिक लक्ष द्यावे. नुसती खाच असलेली कडी मांजर पंजा बाहेर काढून दोन दिवसांत उघडते. सरकता अडसर आणि त्यावर चिमटा किंवा लहान हूक अशी दुहेरी व्यवस्था हवी. दार इतके मोठे असावे, की माणसाचा हात मागच्या कोपऱ्यापर्यंत पोहोचेल. लहान दारातून घाबरलेल्या मांजराला ओढून काढताना ओरखडे ठरलेलेच. मांजराच्या चाव्याने किंवा नखाने रक्त निघाले, तर जखम वाहत्या पाण्याखाली साबणाने पंधरा मिनिटे धुऊन रेबीज प्रतिबंधक लशीबाबत त्याच दिवशी डॉक्टरांना विचारावे. रेबीज फक्त कुत्र्यापासून होतो, हा समज चुकीचा आहे.

काम पूर्ण झाले, की वेल्डिंगच्या प्रत्येक सांध्यावरून उघडा तळहात फिरवून पाहावा. हाताला टोचेल ते मांजराच्या डोळ्यालाही टोचेल. ग्राइंडर आणि कानस फिरवून सांधे गुळगुळीत करून घ्यावेत.

त्यानंतर येतो रंग, आणि येथे बहुतेक जण फसतात. मांजर दिवसाचा बराच वेळ स्वतःचे अंग चाटते. अंगाला लागलेले सर्व काही त्याच्या पोटात जाते. घरगुती आणि सजावटीच्या रंगांत शिशाचे प्रमाण दहा लाखांत ९० भागांहून अधिक नसावे, असा नियम केंद्र सरकारने २०१६ मध्ये केला. तो २०१७ च्या नोव्हेंबरपासून लागू झाला. परंतु हा नियम औद्योगिक रंगांना लागू नाही आणि लोखंडी कामाच्या दुकानात हाताशी असलेला डबा कोणता, हे गिऱ्हाइकाला कळत नाही. म्हणून रंगाचा डबा स्वतः पाहून, घरगुती वापराचा आणि शिसेविरहित लिहिलेला घ्यावा. शेंदरी रंगाचा शिसेयुक्त प्रायमर टाळावा. खर्च परवडत असेल, तर पावडर कोटिंग करून घ्यावे. ते टिकतेही आणि धुण्यासही सोपे. कोणताही ओला रंग दिल्यावर वास पूर्ण जाईपर्यंत, निदान आठ-दहा दिवस, पिंजरा उघड्यावर ठेवावा. जस्ताचा मुलामा दिलेली जाळी वापरली, तर तिच्यावरचे पांढरे चूर्ण आणि सुटे कण व्हिनेगर लावून घासून धुऊन काढावेत. तारा चावणाऱ्या मांजरासाठी अशी जाळी न घेतलेलीच बरी.

आतली मांडणी

पिंजऱ्याचा एक कोपरा शौचाच्या ट्रेला द्यावा आणि त्याच्या समोरच्या दूरच्या कोपऱ्यात अन्न-पाणी ठेवावे. ट्रे एवढा मोठा असावा, की मांजराला त्यात पूर्ण गोल वळता येईल. त्यात टाकण्यासाठी बाजारात मिळणारी माती बहुधा बेंटोनाइटची असते. ओली झाली की तिचे गोळे होतात, म्हणून साफसफाई सोपी. मात्र लहान पिले ती खातात. त्यांच्यासाठी लाकडी भुसा किंवा गोळे न होणारी माती वापरावी. नुकतीच शस्त्रक्रिया झालेल्या मांजरासाठी मातीची धूळ टाक्यांत जाण्याची भीती असते. तेथे वाचून झालेल्या वर्तमानपत्राच्या बारीक पट्ट्या सर्वांत उत्तम. छापील मजकुराला मिळालेले हे दुसरे आयुष्य कोणी मनाला लावून घेऊ नये.

ट्रे दिवसातून दोनदा साफ करावा. घरात गर्भवती असेल, तर हे काम दुसऱ्या कोणी करावे. मांजराच्या विष्ठेतून पसरू शकणाऱ्या टोक्सोप्लाझ्मा या परजीवीला संसर्गक्षम होण्यास एक ते पाच दिवस लागतात, त्यामुळे रोजची सफाई हाच मोठा बचाव ठरतो. मांजर घराबाहेर सोडण्याची मात्र त्यासाठी गरज नाही.

आत लपण्याची जागा असणे हे पाण्याइतकेच आवश्यक आहे. नेदरलँड्समधील उट्रेख्ट विद्यापीठाच्या संशोधकांनी २०१४ मध्ये एक साधा प्रयोग प्रसिद्ध केला. निवारा केंद्रात नव्याने आलेल्या १९ मांजरांपैकी १० जणांना लपण्यासाठी खोके दिले, ९ जणांना दिले नाही. खोके मिळालेली मांजरे लवकर स्थिरावली. तिसऱ्या-चौथ्या दिवशीच दोन्ही गटांतील तणावाचा फरक स्पष्ट दिसत होता. हे खोके म्हणजे किराणा दुकानातून फुकट मिळणारा पुठ्ठ्याचा डबा. त्याच्या एका बाजूला मांजर जाईल एवढे भोक पाडले, की काम झाले. खराब झाला तर फेकून दुसरा आणावा. अंथरुणासाठी महागडी गादी नको. जुन्या लुगड्याची वाकळ किंवा घरच्या माणसाचा वापरलेला सदरा द्यावा. त्याला येणारा ओळखीचा वास मांजराला धीर देतो. टाके असलेल्या मांजरासाठी मात्र सुटे धागे नसलेले कापड हवे. गिळलेला धागा आतड्यात अडकून पुन्हा शस्त्रक्रियेची वेळ आणतो.

ऊन, कूलर आणि देवघर

जालना जिल्ह्यात एप्रिल-मे महिन्यांत पारा चाळीस अंशांपुढे जातो. भर दुपारी वीज गेली, की पत्र्याच्या घरात किंवा वरच्या मजल्याच्या स्लॅबखाली माणूसही तग धरू शकत नाही. माणूस मात्र उठून ओसरीत जातो; पिंजऱ्यातले मांजर जाऊ शकत नाही. पाश्चात्त्य पुस्तकांतील सल्ला येथे जसाच्या तसा लागू पडत नाही, तो या कारणाने. तेथे पिंजरा खिडकीजवळ, उन्हाच्या तिरिपेत ठेवावा असे सांगतात. जालन्यात मे महिन्यात तसे केले, तर लोखंडी चौकट तापून पिंजऱ्याची भट्टी होईल.

पिंजरा घरातील सर्वांत थंड खोलीत, पूर्व किंवा उत्तरेच्या भिंतीलगत, दोन बाजू भिंतीला टेकवून ठेवावा. गॅलरीत किंवा गच्चीवर कधीही ठेवू नये. तळाशी एका भागात चटई न घालता शहाबादी फरशीचा तुकडा ठेवावा. मांजर दुपारी आपण होऊन त्यावर पोट टेकते. वरून आणि एका बाजूने ओलसर गोणपाट टाकता येते, पण उरलेल्या बाजू वाऱ्यासाठी मोकळ्याच हव्यात. कूलरचा झोत थेट पिंजऱ्यावर सोडू नये. सततच्या ओलाव्याने केसाळ मांजरांच्या कातडीवर बुरशी धरते आणि ती बुरशी माणसालाही गजकर्णाच्या रूपाने होते. पाण्याची दोन भांडी असावीत आणि ती जाळीला अडकवलेली असावीत. एक सांडले तरी दुसरे राहते. मांजर तोंड उघडे टाकून धापा टाकू लागले, तर तो कुत्र्यासारखा नेहमीचा प्रकार नव्हे. तो उष्माघात असू शकतो. त्याला लगेच सावलीत घेऊन साध्या पाण्याने अंग ओले करावे, बर्फाचे पाणी वापरू नये, आणि दवाखाना गाठावा.

स्वयंपाकघर आणि देवघर या दोन्ही जागा पिंजऱ्यासाठी अयोग्य. फोडणीचा धूर, उदबत्ती, धूप, कापूर यांचा त्रास मोकळे मांजर उठून टाळते. डास पळवण्याची अगरबत्ती किंवा द्रवाचे यंत्रही पिंजऱ्याच्या खोलीत लावू नये. जाळीवर मच्छरदाणी टाकणे चांगले. मोसंबीची साल ठेवली की मांजर तेथे फिरकत नाही, हा मोसंबीच्या या जिल्ह्यात अनेकांचा अनुभव. तोच नियम उलटा धरून मोसंबीच्या, लिंबाच्या साली किंवा त्यांचा अर्क असलेली साबणे पिंजऱ्याभोवती वापरू नयेत. त्या वासाने मांजर आत जाणार नाही आणि सालीतील तेल त्याला अपायकारकही असते.

फिनाईलचा धोका

या विषयातील सर्वांत दुर्लक्षित आणि सर्वांत जीवघेणी बाब म्हणजे पिंजऱ्याची सफाई. मराठी घरात स्वच्छता म्हणजे फिनाईल, असे समीकरण पक्के आहे. मात्र फिनॉल वर्गातील रसायने शरीराबाहेर टाकण्याची यंत्रणा मांजराच्या यकृतात अत्यंत दुबळी असते. कुत्र्याला किंवा माणसाला जे सहज पचते, ते मांजराला विषासमान ठरते. काळे फिनाईल, पाइन तेलाचे पांढरे फिनाईल, जखमा धुण्याचे क्लोरोक्सिलेनॉलयुक्त जंतुनाशक, या सर्वांना पिंजऱ्यात मज्जाव हवा. मोकळे मांजर पुसलेली ओली फरशी टाळून जाते. पिंजऱ्यातले मांजर मात्र त्याच फरशीवर बसते आणि मग पंजे चाटते. तोंडातून लाळ गळणे, जिभेवर व्रण, अडखळत चालणे अशी लक्षणे दिसली, तर आदल्या दिवशी कशाने पुसले, ते डॉक्टरांना आवर्जून सांगावे. मांजराच्या यकृताच्या याच उणिवेमुळे माणसाच्या तापावरची पॅरासिटामॉलची एक गोळीही त्याचा जीव घेऊ शकते. शस्त्रक्रियेनंतर मांजर कण्हते म्हणून दयेपोटी ती देण्याचा मोह टाळावा.

रोजच्या सफाईला साबणाचे कोमट पाणी आणि नंतर साध्या पाण्याने पुसणे पुरेसे आहे. पाणीटंचाईच्या दिवसांत, आणि २०१२-१३ च्या दुष्काळाची आठवण असलेल्या जालनेकरांना त्याचे मोल वेगळे सांगायला नको, ओल्या फडक्याने पुसून भागवता येते. मात्र ट्रे धुणे टाळू नये.

सवय आणि लक्ष

पिंजरा आणल्या दिवशीच मांजराला आत टाकून दार लावणे ही घाई महागात पडते. शस्त्रक्रियेची तारीख ठरलेली असेल, तर पिंजरा दहा-बारा दिवस आधी मांडावा. दार उघडे ठेवून रोजचे खाणे आधी दाराशी आणि मग आत द्यावे. मांजर आपणहून आत झोपू लागले, की दार पाच मिनिटे लावून उघडावे आणि हा वेळ हळूहळू वाढवावा. आजारपणाचे कारण नसेल, तर आत असलेल्या मांजराला रोज सकाळ-संध्याकाळ बाहेर फिरू द्यावे, खेळवावे. दिवसभर घरातील सर्व जण नोकरीला जातात म्हणून मांजर रोज आठ-दहा तास पिंजऱ्यात, ही व्यवस्था कोणत्याही मापाच्या पिंजऱ्यात योग्य ठरत नाही. त्यापेक्षा एक खोली सुरक्षित करून द्यावी.

पिंजऱ्याचा एक मोठा लाभ असा, की मांजराने काय खाल्ले आणि काय बाहेर टाकले, याचा चोख हिशेब राहतो. बोक्याच्या ट्रेमधील माती दिवसभर कोरडी राहिली, तो वारंवार ट्रेमध्ये बसून जोर करत असेल किंवा ओरडत असेल, तर मूत्रमार्ग तुंबल्याची शक्यता असते. तणावाने हा विकार बळावतो आणि एक-दोन दिवसांतच तो प्राणघातक ठरू शकतो. याचप्रमाणे मांजराने दोन दिवस काहीच खाल्ले नाही, तर 'रुसले असेल' म्हणून सोडून देऊ नये. उपाशी मांजराच्या, विशेषतः लठ्ठ मांजराच्या यकृतात चरबी साठून ते निकामी होऊ लागते. अशा वेळी स्थानिक पशुवैद्यकांनी पुढे पाठवले, तर जालनेकरांना साठेक किलोमीटरवरील छत्रपती संभाजीनगर किंवा रेल्वेमार्गावरील परभणी येथील पशुवैद्यकीय महाविद्यालय गाठावे लागते. त्यासाठी हातात धरून नेण्याची, झाकण पक्के बसणारी छोटी पेटी घरात वेगळी हवीच. चार फुटी पिंजरा त्या कामाचा नाही आणि कापडी पिशवी तर मुळीच नाही.

गरज संपल्यावर पिंजरा शेजारी किंवा नातेवाइकांना वापरायला देण्याची पद्धत आता पडू लागली आहे. ती चांगलीच, पण मांजरांतील पॅनल्यूकोपेनिया या रोगाचा विषाणू पृष्ठभागावर वर्षभरही तग धरू शकतो आणि लस न टोचलेल्या पिलांना तो दोन-तीन दिवसांत संपवतो. साबणाने तो मरत नाही. पिंजरा देण्यापूर्वी आणि परत घेतल्यावर तो आधी साबणाने घासून मळ काढावा. मग पाच टक्के तीव्रतेचे घरगुती ब्लीच एका लिटर पाण्यात ३० मिलिलिटर या प्रमाणात मिसळून ते सर्व बाजूंना लावावे आणि दहा मिनिटे ओले राहू द्यावे. या द्रावणात शौचालय साफ करण्याचे आम्ल चुकूनही मिसळू नये. त्यातून विषारी वायू निघतो. नंतर भरपूर पाण्याने धुऊन पिंजरा कडक उन्हात वाळवावा. पुठ्ठ्याचे खोके, चटई आणि लाकडी फळी मात्र धुऊन देण्याच्या भानगडीत न पडता नवीच घ्यावीत.